आई कुठे उभी होती

गेले तीन रविवार मी जुने फोटो नकाशावर मांडत बसले आहे. पडद्यावर डावीकडे फोटोंची रांग, उजवीकडे नकाशा. एक फोटो उचलायचा, जिथे काढला असेल तिथे नेऊन सोडायचा, की प्रोग्रॅम त्या जागेचे अक्षांश-रेखांश फाइलीत लिहून टाकतो. काम निव्वळ हमालीचं. पण माऊसचं बटण दाबून धरलेलं आहे, फोटो अधांतरी आहे आणि खाली नकाशा पसरलाय, अशा वेळी हात अडतो. सोडू कुठे?

फोनने काढलेल्या फोटोंना हा प्रश्न पडत नाही, फोन आपणहून जागा लिहून मोकळा होतो. माझ्याकडे मात्र दोन जातींचे फोटो आहेत ज्यांना आपला पत्ता माहीत नाही. पहिले माझ्या मोठ्या कॅमेऱ्याचे. वजन किलोभर, भिंगं चार, पण जीपीएस नाही. दुसरे आईचे. २००४ च्या सुमारास घरात पहिला डिजिटल कॅमेरा आला, दोन पेन्सिल सेलवर चालणारा, आणि आल्या दिवशीच तो आईच्या ताब्यात गेला. पुढची सहा-सात वर्षं घरातले झाडून सगळे फोटो तिने काढले. त्यामुळे त्यातल्या एकाही फोटोत ती नाही.

माझे फोटो सोपे, म्हणून ते आधी हातावेगळे करायचं ठरवलं.

त्यांची युक्ती अशी. भटकंतीला निघताना फोनवर एखादं ॲप चालू ठेवायचं. ते दर काही सेकंदांनी आपण कुठे आहोत ते टिपत राहतं आणि शेवटी त्याची एक जीपीएक्स फाइल हाती देतं. हा नमुना २००२ पासून चालत आलाय. फाइल उघडून बघितली तर आत नुसत्या ओळींमागून ओळी: अक्षांश, रेखांश, उंची, वेळ. मग कॅमेऱ्यातले फोटो आणि ही फाइल एकत्र प्रोग्रॅमला द्यायची. तो प्रत्येक फोटोची वेळ वाचतो, त्या वेळी फोन कुठे होता ते ट्रॅकमध्ये शोधतो आणि ती जागा फोटोला चिकटवतो. डिजीकॅम नावाच्या फोटो लावायच्या प्रोग्रॅममध्ये हे माऊसने होतं. काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करायची भीती नसेल तर एक्झिफटूल आहे. फिल हार्वी नावाचे गृहस्थ २००३ पासून ते फुकट देताहेत आणि या विषयात त्याच्या तोडीचं दुसरं काही माझ्या पाहण्यात नाही.

म्हणजे कॅमेऱ्याला जागा ठाऊक नसते, फक्त वेळ ठाऊक असते, आणि वेळेवरून जागा निघते. पहिल्यांदा हे नीट डोक्यात शिरलं तेव्हा मी खुर्चीत मागे टेकून बसले. कारण ही युक्ती आजची नाहीच. पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५. भर समुद्रातल्या खलाशाला निघाल्या बंदराची वेळ अचूक कळत राहिली, तर डोक्यावरच्या सूर्याशी ती ताडून तो रेखांश काढू शकतो. अडचण एवढीच की हलत्या जहाजावर, दमट हवेत बरोबर चालेल असं घड्याळ कुणाकडे नव्हतं. ते जॉन हॅरिसन या सुताराच्या पोराने केलं. त्याचं चौथं घड्याळ १७६१ साली चाचणीसाठी जहाजावर चढलं. चार सेकंदांची चूक म्हणजे रेखांशाचा एक मिनिट, विषुववृत्तावर जवळजवळ दोन किलोमीटर. आणि डोक्यावरचे जीपीएस उपग्रह तरी दुसरं काय करतात? २०,२०० किलोमीटरवरून 'आत्ता इतके वाजले' एवढंच ओरडत असतात. त्यांच्या पोटात अणुघड्याळं असतात. ती हाक पोचायला किती वेळ लागला यावरून खालचं यंत्र अंतर काढतं. एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तर जागा तीनशे मीटरने सरकते.

आणि माझ्या कॅमेऱ्याचं घड्याळ तीन मिनिटं मागे होतं.

चालताना तीन मिनिटं म्हणजे दोन-अडीचशे मीटर, ते खपून जातं. पण आम्ही अर्धा दिवस गाडीत होतो. ताशी साठच्या वेगाला तीन मिनिटं म्हणजे तीन किलोमीटर. धबधब्याचे सगळे फोटो धबधब्याच्या अलीकडच्या एका पेट्रोल पंपावर जाऊन पडले. एका फोटोत तर मी दोन्ही हात पसरून तुषार झेलतेय आणि नकाशा म्हणतोय, ही डिझेलच्या रांगेत आहे.

यावरचा उपाय इतका साधा आहे की तो आधी सुचला नाही याचा राग येतो. निघताना फोनवर सेकंदकाट्यासकट घड्याळ उघडायचं आणि कॅमेऱ्याने त्याचा एक फोटो काढायचा. घरी आल्यावर फोटोत दिसणारी वेळ आणि फाइलीत लिहिलेली वेळ यांची वजाबाकी करायची, आणि तो फरक प्रोग्रॅमला सांगायचा. आता माझ्या प्रत्येक सहलीचा पहिला फोटो फोनचा असतो. बघणाऱ्यांना वाटतं मला फोनचं भारी कौतुक.

वेळेचा आणखी एक काटा आहे. जीपीएक्स फाइलीतली वेळ यूटीसी, म्हणजे साऱ्या जगाची एकच प्रमाणवेळ असते, कॅमेऱ्यातली स्थानिक. कॅमेरे जो तपशील फोटोसोबत लिहितात त्याला एक्झिफ म्हणतात. जपानमधल्या उद्योगांच्या संघटनेने तो नमुना १९९५ मध्ये बांधला, पण ही वेळ कुठल्या टाइमझोनची हे लिहायला त्यात २०१६ पर्यंत रकानाच नव्हता. अकरा वाजून दहा मिनिटं, बस. कुठले अकरा, ते तुमचं तुम्ही बघा. प्रोग्रॅम बिचारा समजतो की तुमच्या कॉम्प्युटरचा टाइमझोन तोच कॅमेऱ्याचा. परदेशात काढलेले फोटो घरी येऊन टॅग केलेत की सगळं काही तासांनी सरकतं. नेपाळसारख्या ठिकाणी तर पूर्ण तासांचा हिशेबही चालत नाही, तिथलं घड्याळ यूटीसीच्या पावणेसहा तास पुढे.

आणि घाट. ट्रॅकमधल्या दोन नोंदींच्या मधली वेळ आली की प्रोग्रॅम त्या दोन बिंदूंमध्ये सरळ रेष ओढतो आणि अंदाजाने फोटो तिच्यावर ठेवतो. एक्झिफटूल अर्ध्या तासापर्यंतची फट अशी सांधू देतो. आमच्या फोनने बॅटरी वाचवण्याच्या नादात घाटात अकरा मिनिटं झोप काढली. वळणावळणांचा रस्ता त्याच्या लेखी सुतासारखा सरळ झाला आणि तीन फोटो दरीवर तरंगत राहिले. ते हाताने उचलून रस्त्यावर आणले.

आता ही जागा फाइलीत दिसते कशी, तेही सांगते, कारण तिथे मी तोंडावर आपटले. अक्षांश हा एक आकडा नसतो, तीन असतात: अंश, मिनिटं, सेकंद. आणि तिन्ही अपूर्णांकात. ४१ अंश लिहायचे तर ४१ भागिले १. सेकंद २५.१२ असतील तर २५१२ भागिले १००. ऋण चिन्हाला त्यात जागाच नाही. उत्तर की दक्षिण, पूर्व की पश्चिम, हे एका वेगळ्याच रकान्यात एका अक्षराने लिहायचं. मला हे ठाऊक नव्हतं. विषुववृत्ताखालच्या एका प्रवासाचे चाळीस फोटो मी उणे चिन्ह घालून मोठ्या विश्वासाने भरले. चिन्ह वाटेत गळून पडलं, दिशेचं अक्षर मी लिहिलंच नव्हतं, आणि नकाशाने आमच्या अख्ख्या गटाला उत्तरेकडच्या समुद्रात बुडवलं. त्यातल्या त्यात बरं की आम्ही शून्य बेटावर नाही गेलो. दोन्ही रकान्यांत शून्य पडलं की फोटो आफ्रिकेच्या पश्चिमेला, गिनीच्या आखातात, शून्य अक्षांश शून्य रेखांशावर जातो. तिथे बेट वगैरे काही नाही, हवामान टिपणारा एक तरंगता बोया आहे. पण जगभरच्या इतक्या चुकार नोंदी तिथे गोळा होतात की लोकांनी थट्टेने त्या बिंदूला नाव देऊन टाकलंय.

(शून्य रेखांशावरून आठवलं. ग्रिनिचच्या वेधशाळेत जमिनीवर जी धातूची रेघ आहे, जिच्यावर एक पाय इकडे एक पाय तिकडे टाकून लोक फोटो काढतात, त्या फोटोंचा रेखांश शून्य येत नाही. जीपीएसची शून्य रेषा तिथून १०२ मीटर पूर्वेला, बागेतून जाते.)

एवढ्या उपद्व्यापानंतर एका ऑनलाइन सेवेवर मी शंभरेक फोटोंना जागा दिल्या, आणि फोटो परत उतरवून घेतले तेव्हा त्यात एकही जागा नव्हती. त्या जागा सेवेने आपल्या वहीत लिहिल्या होत्या, माझ्या फाइलीत नाही. तेव्हापासून काहीही भरलं की फाइल दुसऱ्याच प्रोग्रॅममध्ये उघडून बघते. आणि मूळ फाइलींची एक प्रत बाजूला. एक्झिफटूल ती न सांगता ठेवतो, इतरांचं त्यांच्यावर.

घराचे फोटो मात्र मी टॅग करत नाही. २०१२ मध्ये जॉन मॅकॅफी, अँटिव्हायरसवाला, पोलिसांना चुकवत फिरत होता. त्याच्यासोबत असलेल्या पत्रकारांनी त्याचा फोटो छापला, आणि फाइलीतल्या अक्षांश-रेखांशांनी तो ग्वाटेमालात कुठे आहे ते जगाला सांगून टाकलं. माझ्यामागे पोलीस नाहीत, पण तरीही.

हे सगळं झाल्यावर आईचे फोटो उघडले.

पहिलीच अडचण वेगळी निघाली. एका डोंगराच्या फोटोवर मी थांबले होते. डोंगर ओळखीचा, नकाशावर नावानिशी सापडला. फोटो उचलून शिखरावर सोडला आणि मग खटकलं. शिखरावर कोण गेलं होतं? आम्ही खालून बघत होतो, आठ-दहा किलोमीटरवरून. एक्झिफमधले अक्षांश-रेखांश हे दिसणाऱ्या वस्तूचे नसतात, कॅमेऱ्याचे असतात. वस्तूच्या जागेसाठी वेगळे रकाने आहेत, ते फारसं कुणी भरत नाही. नकाशावरची ती लाल टाचणी म्हणजे फोटो काढणारा जिथे उभा होता ती जागा.

म्हणजे इतके रविवार मी शोधत होते ते आई कुठे उभी होती हे.

आता ट्रॅक नाही, फोन नाही, काही नाही. आहे ती फक्त कॅमेऱ्याची वेळ, आणि ती कुणी कधी लावलीच नव्हती. तलावाच्या सहलीचे एकतीस फोटो आहेत. पहिला रेल्वे स्टेशनवरचा. फलाट, ट्यूबलाइट, आमच्या सामानाच्या ढिगावर बसलेला दादा, आणि वर कोपऱ्यात, अर्धं कापलं गेलेलं स्टेशनचं घड्याळ. मी ते मोठं करकरून पाहिलं. सहा वाजून पाच मिनिटं. फाइलीतली वेळ पहाटे ५.१८. फरक सत्तेचाळीस मिनिटांचा. मी खूश. सगळ्या फोटोंना सत्तेचाळीस मिनिटं पुढे ढकललं.

एकतिसावा फोटो तलावाच्या बांधावरचा, त्याच तारखेचा. फाइलीत संध्याकाळी ६.२०, म्हणजे दुरुस्तीनंतर ७.०७. दादा आणि मी पाण्याकडे पाठ करून उभे, डोळे बारीक केलेले, आणि आमच्या पायांपर्यंत आलेली एक लांबच लांब सावली. कोपर दोन्ही बाजूंना बाहेर काढलेले, मधोमध डोकं. आईची.

आईला फोन लावला.

"आई, तलावाचा फोटो पाठवलाय तुला. हा संध्याकाळचा ना?"

"थांब, चष्मा घेते." मग बराच वेळ काही नाही. "सकाळचा आहे."

"अगं, कॅमेरा संध्याकाळ म्हणतोय."

"म्हणू दे. दादाचे केस बघ, ओले आहेत. आंघोळ करून आलाय तो. संध्याकाळी अंगाला पाणी लावणारा मुलगा होता का तो?"

तरी मी नकाशा उघडला. वरून घेतलेल्या चित्रात तलाव स्पष्ट आहे, बांध त्याच्या पूर्व काठाला. आम्ही पाण्याकडे पाठ करून, म्हणजे पूर्वेला तोंड करून उभे. आई आमच्यासमोर, पश्चिमेला तोंड करून. तिची सावली आमच्याकडे, पश्चिमेला पडलेली, तेव्हा सूर्य तिच्या पाठीमागे, पूर्वेला. सकाळच. घड्याळ सत्तेचाळीस मिनिटं मागे नव्हतं, बारा तास सत्तेचाळीस मिनिटं मागे होतं. स्टेशनवरच्या काट्यांच्या घड्याळाला सकाळ-संध्याकाळ सांगता येत नाही, आणि मी पहाटेचे पाच वाचून निवांत झाले होते.

मग पहिला फोटोही हलला. पहाटे ५.१८ चे संध्याकाळचे ६.०५ झाले. तलावाचा फोटो दुसऱ्या दिवशी गेला. कॅमेऱ्याच्या हिशेबात आम्ही पहाटे निघून त्याच संध्याकाळी तलावावर पोचलो होतो. मधली रात्र त्याने गिळली होती. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "रात्रभर बसून तर गेलो. रिझर्व्हेशन एकच मिळालं होतं, त्यावर तुम्हा दोघांना निजवलं." मला त्यातलं काहीही आठवत नाही. फाइलींमध्ये त्या रात्रीचा एकही फोटो नाही, पण तारखा बदलल्यावर तीस आणि एकतीस नंबरांच्या मधली फट बरोबर तिच्यावर जाऊन बसली.

एकतिसाव्यानंतर सेल संपले. नवे घातल्यावर कॅमेऱ्याने १ जानेवारीपासून पुन्हा आयुष्य सुरू केलं, आणि तिथून पुढचे चारशे फोटो त्या एका नव्या वर्षात राहतात. वेळेवरून जागा काढायचा मार्ग बंद. राहिली आई.

तिची जागा सांगण्याची रीत नकाशाला कळणारी नाही. "इथे तू रुसली होतीस." "ही ती पायरी, जिथे तुझ्या चपलेचा अंगठा तुटला." "बस बंद पडली होती ना, त्याच्या थोडं पुढे." मी तिच्या वाक्यातल्या थोडं पुढेचे मीटर करत बसते. नकाशा तर इतका आज्ञाधारक की कुठेही बोट ठेवा, दशांशचिन्हानंतर सहा आकडे काढून देतो. सहावा आकडा म्हणजे अकरा सेंटिमीटर. आईच्या 'तिथेच कुठेतरी'ला अकरा सेंटिमीटरची अचूकता लावताना मला खोटी साक्ष दिल्यासारखं वाटायचं.

त्यावर तोडगा एक्झिफमध्येच सापडला, त्या कंटाळवाण्या यादीत शेवटाकडे. एक रकाना आहे, जागा कुठल्या पद्धतीने ठरवली तो. जीपीएस, मोबाइल टॉवर, वायफाय, आणि चौथा पर्याय, मॅन्युअल. दुसरा रकाना आडव्या त्रुटीचा, मीटरमध्ये: ही टाचणी इतकी इकडेतिकडे असू शकते. तो रकाना यंत्रांनी भरावा म्हणून केलेला आहे. मी तो आईसाठी भरायला लागले. 'तलावाच्या मागच्या बाजूला' म्हणजे ३००. 'बाजारात' ५००. 'त्या सबंध रस्त्यावर कुठेही' ४०००. आईच्या सगळ्या फोटोंना पद्धत मॅन्युअल.

बांधावरच्या फोटोला मी ३०० लिहिले होते. दिशेच्या रकान्यात २७०, म्हणजे पश्चिम, आणि शेजारी टी, म्हणजे खरी उत्तर धरून, होकायंत्राची नव्हे. परवा आई घरी आली तेव्हा तिला पडद्यासमोर बसवून ती टाचणी दाखवली.

"ही मी?"

"हो."

तिने माऊस घेतला, आणि ज्या हाताने तिला फाइल बंद करता येत नाही त्याच हाताने नकाशा मोठा करत करत बांधाच्या कडेपर्यंत आणला. दगडी कठडा दिसायला लागला, त्याच्यामागचा उतार दिसायला लागला.

"इथे नाही गं. कठड्याच्या मागे. दादा तेवढ्यात उंच झाला होता, तुम्ही दोघं मावत नव्हतात. मी मागे सरकत सरकत कठड्यावरून पलीकडे उतरले. खाली चिखल होता, डावा पाय घोट्यापर्यंत गेला. तुम्ही हसत होतात."

मी फोटो परत पाहिला. आम्ही डोळे बारीक केलेत ते उन्हामुळे, असं मी धरून चालले होते.

टाचणी कठड्यामागे सरकवली. त्रुटीच्या रकान्यातले ३०० पुसले आणि तिथे २ लिहिले.